ताजमहाल नेमका कशाने पिवळा पडला?

ताजमहाल पिवळा पडतोय, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. त्यावर निबंध लिहिलेत, वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या घेतल्यात. कारणही सगळ्यांना तोंडपाठ आहे. मथुरेची रिफायनरी, तिचा धूर, त्यातून आम्लवर्षा आणि मग संगमरवराची वाट. चार ओळींत विषय संपतो.

मध्यंतरी एका ग्रुपवर ताजचा आणि आपल्या बीबी का मकबऱ्याचा फोटो शेजारी शेजारी लावून कुणीतरी टाकला होता. खाली लिहिलं होतं, दोघांची एकच गत. लगेच प्रतिक्रिया सुरू झाल्या. कुणी म्हणे कारखाने बंद करा, कुणी म्हणे ॲसिडने धुऊन काढा, कुणी म्हणे सगळा भ्रष्टाचार आहे. हा डाग नक्की कशाचा आहे, एवढं मात्र कुणीच विचारलं नाही.

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. ताजच्या बाबतीत गेल्या पन्नास वर्षांत त्याचं उत्तर निदान तीनदा बदललंय. प्रत्येक उत्तरासोबत कुणाची तरी भट्टी विझली, कुणाची चूल विझली, तर कुणी सहीसलामत सुटलं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

सुरुवात थोडी मागून करू. ताजच्या तब्येतीची पहिली तक्रार कुठल्या पर्यावरणवाद्याने केलेली नाही. ती केली औरंगजेबाने. १६५२ मध्ये दख्खनची सुभेदारी सांभाळायला इकडे येताना तो आग्र्याला थांबला होता. तिथून त्याने शहाजहानला पत्र लिहिलं, की आईच्या कबरीवरचा घुमट पावसाळ्यात उत्तरेच्या बाजूने गळतोय. म्हणजे सगळं आवार अजून पुरतं बांधून झालं नव्हतं आणि दुरुस्ती निघाली होती. इमारत कितीही देखणी असली तरी ती ऊन, पाऊस, वारा खात उभी असते, हे तेव्हाच्या लोकांना नीट माहीत होतं. दगड कायमचा जसाच्या तसा राहील, ही अपेक्षा आपली आहे.

आता दगडाबद्दल. ताजला लावलेला संगमरवर राजस्थानातल्या मकराण्याचा. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. खडू आणि चुनखडी यांच्या घरातलाच, फक्त जमिनीच्या पोटात उष्णता आणि दाब सोसून स्फटिक झालेला. त्याच्या पांढरेपणात जी खोली दिसते ती या स्फटिकांमुळे. प्रकाश पृष्ठभागावर आपटून लगेच परत फिरत नाही, थोडा आत शिरतो आणि मग बाहेर येतो. पण या दगडाचं एक हाडवैर आहे, ते आम्लाशी. ज्यांच्या घरी संगमरवरी ओटा आहे त्यांना हे सांगायला नको. त्यावर लिंबाचा रस सांडला आणि पुसायचा राहिला, की तिथली चकाकी गेली म्हणून समजा. तो नुसता डाग नसतो. तेवढा दगड विरघळलेला असतो.

हेच हवेतल्या आम्लाने होतं. कोळसा किंवा गंधक असलेलं तेल जाळलं की सल्फर डायऑक्साइड वायू निघतो. ओलाव्याशी गाठ पडली की त्याचं गंधकाम्ल होतं, आणि ते संगमरवराचं जिप्सम करतं. जिप्सम संगमरवरापेक्षा कितीतरी जास्त विरघळतं आणि जागाही जास्त व्यापतं. त्यामुळे पृष्ठभाग आधी फुगतो, मग साखरेच्या खड्यासारखा कणाकणाने सुटायला लागतो. जिथे पावसाचं पाणी थेट पडतं तिथलं जिप्सम वाहून जातं. दगड झिजतो, पण पांढरा दिसत राहतो. जिथे पाऊस पोचत नाही, म्हणजे कमानीच्या पोटात किंवा छज्जाखाली, तिथे ते साठतं, काजळी धरून ठेवतं आणि काळं पडतं. एखाद्या अभ्यासकाने इमारतीकडे बघून ‘काळं कुठे आहे’ हे पहिलं विचारलं तर ते उगाच नसतं. डागाची जागा ही अर्धी साक्ष असते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. जिप्सम स्वतः पांढरंच असतं. प्लास्टर ऑफ पॅरिस त्याचंच बनतं. म्हणजे गंधकाने दगड खाल्ला जातो, हे खरं. पण नुसत्या गंधकाने दगड पिवळा होत नाही. रंग यायला दुसरं काहीतरी लागतं.

मथुरेला रिफायनरी काढायचं १९७० च्या दशकात ठरलं. आग्र्यापासून अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. लोकांनी हरकत घेतली आणि सरकारने डॉ. एस. वरदराजन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने अभ्यास केला आणि जे समोर आलं ते थोडं अडचणीचं होतं. रिफायनरी अजून उभीही नव्हती, तरी आग्र्याच्या हवेत सल्फर डायऑक्साइड भरपूर होता. तो येत होता शहरातूनच. कोळशावर चालणारी दोन वीजकेंद्रं, रेल्वेचं शंटिंग यार्ड, आणि अडीचशेच्या आसपास छोटे कारखाने. त्यात बहुतेक फाउंड्र्या. कोल्हापूरकरांना फाउंड्री म्हणजे काय ते समजावायला नको. आग्र्याचं लोखंडी ओतकाम हा तिथला जुना धंदा. समितीने वीजकेंद्रं बंद करा, यार्डात कोळशाऐवजी डिझेलची इंजिनं वापरा, असं सुचवलं. म्हणजे पहिल्याच शास्त्रीय तपासात ‘बाहेरचा एक मोठा शत्रू’ हे चित्र थोडं विस्कटलं होतं. तरी लोकांच्या तोंडी राहिली ती रिफायनरीच. ती १९८२ मध्ये सुरू झाली.

१९८४ मध्ये वकील एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती तब्बल बारा वर्षं चालली. या काळात न्यायालयापुढे जे शास्त्रीय अहवाल आले त्यांत आपल्या नागपूरच्या ‘नीरी’चे अहवाल महत्त्वाचे होते. हवेचे नमुने, कुठल्या धुराड्यातून किती गंधक बाहेर पडतं याचा हिशेब, रिफायनरीने काय करावं, झाडांचा पट्टा कुठे लावावा, असं सगळं त्यात होतं. ताजच्या इतिहासात महाराष्ट्राचं नाव बऱ्हाणपूरच्या रस्त्याने येतं, कारण मुमताज महल १६३१ मध्ये बऱ्हाणपूरला वारली आणि ते आपल्या खानदेशाला लागून आहे. तसंच ते नागपूरच्या प्रयोगशाळेच्या रस्त्यानेही येतं. हे दुसरं नातं आपल्याला फारसं माहीत नसतं.

३० डिसेंबर १९९६ ला न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने निकाल दिला. ताजभोवती १०,४०० चौरस किलोमीटरचा एक समलंब चौकोन आखलेला होता, त्याला ‘ताज ट्रॅपेझियम’ म्हणतात. त्यात आग्रा येतं, मथुरा येतं, बांगड्यांचं फिरोजाबाद येतं आणि राजस्थानातलं भरतपूरही येतं. या चौकोनातल्या २९२ कारखान्यांना सांगण्यात आलं, कोळसा आणि कोक सोडून नैसर्गिक वायूवर या, नाहीतर इथून उठा. कामगारांना नोकरीचं सातत्य आणि भरपाई द्यावी, असंही निकालात होतं. पुढे ताजपासून ५०० मीटरच्या आत पेट्रोल-डिझेलची वाहनं बंद झाली आणि बॅटरीच्या गाड्या आल्या.

निकाल चुकीचा होता, असं मला अजिबात म्हणायचं नाही. गंधक दगड खातं हे शंभर टक्के खरं. आणि त्या निकालाचा परिणामही झाला. आज आग्र्याच्या हवेत सल्फर डायऑक्साइड ठरवून दिलेल्या मर्यादेच्या बराच खाली आहे. देशात एखादा पर्यावरणाचा निकाल आकड्यांत यशस्वी झाल्याची जी थोडी उदाहरणं असतील, त्यांत हे धरायला हरकत नाही.

अडचण एवढीच, की वायू कमी झाला तरी ताज पिवळा पडायचा थांबला नाही. उलट रंग तपकिरीकडे झुकायला लागला.

इथून दुसरा तपास सुरू होतो. आणि मला विचाराल तर या सगळ्या कहाणीतला हा सगळ्यात वाचण्यासारखा भाग आहे, कारण यात पहिल्यांदा कुणीतरी ‘दगड खराब होतोय का’ याच्या पलीकडे जाऊन ‘तो पिवळाच का दिसतोय’ असं विचारलं.

आयआयटी कानपूर, अमेरिकेतलं जॉर्जिया टेक आणि विस्कॉन्सिन विद्यापीठ इथल्या शास्त्रज्ञांनी पुरातत्त्व खात्याच्या माणसांसोबत हे काम केलं. ताजचा दगड खरवडून तर नेता येत नाही. म्हणून २०१२ च्या उन्हाळ्यात त्यांनी संगमरवराचे छोटे स्वच्छ तुकडे ताजवरच सुमारे दोन महिने ठेवले. जी हवा ताजला लागते तीच या तुकड्यांना लागली, जी धूळ ताजवर बसते तीच यांच्यावर बसली. मग तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि प्रत्येक कण कशाचा आहे ते तपासलं. सोबत तिथल्या हवेतले कण फिल्टरवर गोळा केले होतेच.

तुकड्यांवर सापडल्या तीन गोष्टी. एक, धूळ. दोन, काळा कार्बन, म्हणजे काजळी. तीन, ज्याला तपकिरी कार्बन म्हणतात तो, म्हणजे लाकूड, पालापाचोळा, गोवऱ्या, कचरा असलं काहीबाही अर्धवट जळलं की निघणारे सेंद्रिय कण.

आता रंगाचं गणित बघा. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात. काजळी सगळेच रंग सारखे गिळते, त्यामुळे तिने दगड नुसता करडा, मळकट होतो. पण धूळ आणि तपकिरी कार्बन यांची आवड वेगळी. ते निळा रंग जास्त गिळतात. पांढऱ्यातून निळा काढून घेतला की उरतं ते आपल्या डोळ्याला पिवळसर तपकिरी दिसतं. शास्त्रज्ञांनी हे नुसतं सांगितलं नाही. बसलेल्या कणांवरून दगडाचा रंग डोळ्याला कसा दिसेल ते हिशेबाने काढून दाखवलं. हा अभ्यास २०१४ च्या अखेरीस ‘एन्व्हायर्न्मेंटल सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निष्कर्ष सरळ होता. ताजचा रंग बदलतोय तो बसणाऱ्या धुळीमुळे आणि जळण्यातून आलेल्या कार्बनच्या कणांमुळे.

म्हणजे शाळेत पाठ केलेलं उत्तर अर्धंच होतं. दगड झिजणं आणि दगडाचा रंग जाणं हे दोन वेगळे आजार निघाले. एकाचं औषध आपण दुसऱ्याला देत होतो आणि गुण का येत नाही म्हणून कपाळाला हात लावत होतो.

मग पुढचा प्रश्न आला. जळतंय काय?

आणि इथे सरकारी यंत्रणेने तेच केलं जे आपल्याकडे नेहमी होतं. सगळ्यात सोपा हात धरला. २०१५ च्या सुरुवातीला आग्र्यात गोवऱ्या जाळायला बंदी आली. गोवऱ्या कोण जाळतं? जिच्याकडे गॅस नाही ती बाई. सकाळी शेण गोळा करायचं, भिंतीवर थापायचं, वाळवायचं आणि त्यावर चार भाकऱ्या भाजायच्या. ताज पिवळा पडला याचा हिशेब थेट तिच्या चुलीशी येऊन थांबला.

पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आग्र्यात कुठे किती कचरा जळतो, किती गोवऱ्या जळतात, आणि त्यातून ताजच्या पृष्ठभागावर किती सूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५, बसत असतील, याचा अंदाज त्यात काढला होता. उघड्यावर जाळलेल्या कचऱ्यातून वर्षाला दर चौरस मीटरला सुमारे १५० मिलिग्रॅम. गोवऱ्यांतून सुमारे १२. अंदाज ढोबळ आहे, विशेषतः कचऱ्याच्या आकड्यात अनिश्चितता मोठी आहे, हे अभ्यासकांनीच नोंदवलंय. तरी सरासरी आकड्यांत फरक बारापटीचा आहे. आणि त्याच अभ्यासाने हेही मांडलं, की हा धूर दगडावर बसायच्या आधी माणसांच्या छातीत जातो.

आता सांगा, आधी बंदी कशावर यायला हवी होती? आणि कचऱ्याच्या बाबतीत नुसती बंदी तरी पुरते का? कचरा लोक हौसेने जाळत नाहीत. तो उचलायला कुणी येत नाही म्हणून जाळतात. त्याचं औषध घंटागाडी आहे, दंडाची पावती नाही. पण घंटागाडीला पैसे लागतात, माणसं लागतात, रोज यावं लागतं. बंदीच्या आदेशाला एक कागद पुरतो.

दुसरं उत्तर पचतंय न पचतंय तोच तिसरा रंग आला. २०१५ च्या सुमाराला ताजच्या यमुनेकडच्या भिंतीवर हिरवट काळे ठिपके दिसायला लागले. हा ना गंधकाचा प्रताप होता, ना काजळीचा. पुरातत्त्व खात्याच्या तपासणीत कारण निघालं ते किड्यांचं. काइरोनोमस जातकुळीचे, डासासारखे दिसणारे पण न चावणारे बारीक किडे. संध्याकाळी त्यांचे थवेच्या थवे पांढऱ्या भिंतीवर येऊन बसतात आणि त्यांची विष्ठा दगडावर पडते. शेवाळावर पोसलेल्या किड्यांची ती हिरवट विष्ठा. हे किडे आले कुठून? तर समोरच्या यमुनेतून. नदीला पाणी नाही, जे आहे ते सांडपाणी, त्यामुळे ती साचते. साचलेल्या, घाण पाण्यात शेवाळ माजतं आणि शेवाळावर अळ्या. नदी वाहती असती, तिच्यात मासे असते, तर या अळ्या एवढ्या वाढल्याच नसत्या.

प्रकरण हरित लवादापुढे गेलं, मग सर्वोच्च न्यायालयात गाजलं. २०१८ मध्ये न्यायमूर्ती मदन लोकूर आणि न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने सरकारला चांगलंच फैलावर घेतलं. आधी पिवळा होता, आता तपकिरी आणि हिरवा होतोय, असं सुनावलं. शेवाळाचं कारण पुढे केलं गेलं तेव्हा शेवाळ उडत वर गेलं का, असा उलटा प्रश्न आला. ताज नीट करता येत नसेल तर बंद करा नाहीतर पाडून टाका, इथवर न्यायालय बोललं. ती पाडण्याची भाषा बातम्यांत गाजली. नदीचं पाणी मात्र बातम्यांत तितकंसं आलं नाही.

तर असे हे तीन तपास. गंधक धुराड्यांतून आलं, पिवळा-तपकिरी रंग रस्त्यावरच्या धुळीतून आणि जळत्या कचऱ्यातून, हिरवा रंग मेलेल्या नदीतून. याशिवाय दगड जोडायला आत घातलेल्या जुन्या लोखंडी खिट्या गंजून जे तांबूस ओघळ येतात ते वेगळेच. इमारत एकच आहे आणि डाग चार प्रकारचे. प्रत्येकाचा उगम निराळा आणि म्हणून उपायही निराळा. ‘प्रदूषण’ या एका शब्दात हे सगळं कोंबलं की सगळेच जबाबदार होतात, म्हणजे कुणीच जबाबदार राहत नाही.

मग कुणी म्हणेल, एवढी डोकेफोड कशाला? स्वच्छ धुऊन काढा. धुतातही. ताजला मुलतानी मातीचा लेप लावतात, तोच जो आपल्या आज्या चेहऱ्याला लावायच्या. दोनेक मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा, वरून प्लास्टिकने झाकायचं, दिवसभर वाळू द्यायचं, मग ऊर्ध्वपातित पाणी आणि मऊ ब्रशने काढायचं. माती वाळताना मळ ओढून घेते. १९९४ मध्ये हे पहिल्यांदा केलं, नंतर २००१, २००८ आणि पुढे २०१४ पासून टप्प्याटप्प्याने. उपाय त्यातल्या त्यात सौम्य आहे. पण तारखा बघा. धूळ आणि धूर तसाच आहे म्हणून काही वर्षांनी परत लेप लावावा लागतो, आणि कितीही सौम्य म्हटलं तरी दर वेळी थोडी घासाघीस होतेच. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे ते.

आणि डाग कशाचा आहे हे न कळता घासलं तर काय होतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण लंडनमधलं आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. लंडनच्या कोळशाच्या काजळीने ती मळली म्हणून एकोणिसाव्या शतकात खुद्द मायकेल फॅरेडेने ती तपासली होती, आणि पूर्वीचा पांढरेपणा परत येईल अशी फारशी आशा नाही, असं त्याचं मत पडलं. त्याच सुमाराला, १८५३ मध्ये, जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने पार्थेनॉनच्या संगमरवरावरच्या एका थराचं विश्लेषण केलं. तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. आपल्याकडे बहुतेक मुतखडे ज्याचे असतात तेच द्रव्य. हा थर दगडफुलाने तयार केला, की जुन्या काळी दगडाला लावलेल्या कसल्या लेपातून तो आला, यावर अजून वाद आहे. पण तो साधा मळ नाही, त्यात दगडाचा इतिहास आहे, हे तेव्हापासून माहीत होतं. तरी १९३७-३८ मध्ये नव्या दालनासाठी शिल्पं पांढरीशुभ्र दिसावीत म्हणून कामगारांनी तांब्याच्या हत्यारांनी ती खरवडली. दालनाला पैसे देणाऱ्या लॉर्ड डुव्हीनला पांढरं हवं होतं. अडीच हजार वर्षांचा पृष्ठभाग गेला तो गेला. डाग काढता काढता डागाच्या खालचंही गेलं.

आपणही यातून सुटलेलो नाही. अजिंठ्याची चित्रं टिकावीत म्हणून १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजामाच्या राज्यात इटलीहून तज्ज्ञ आणले होते. त्यांनी चित्रांवर लाखेचं वार्निश लावलं. पुढे तेच वार्निश पिवळं पडलं आणि ते काढणं हे नव्या पिढ्यांचं काम होऊन बसलं. हेतू चांगला होता.

आता येऊ आपल्या मकबऱ्याकडे. मघाचा तो फोटो आठवा, दोघांची एकच गत. ती एकच नाही, कारण मुळात दोन्ही इमारती एका द्रव्याच्या नाहीत. ताज बाहेरून जवळजवळ सगळा संगमरवरी. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्यासाठी बांधलेल्या मकबऱ्यात संगमरवर आहे तो खाली कमरेएवढ्या पट्ट्यात आणि वर घुमटाला. मधला सगळा भाग आपल्याच काळ्या दगडाचा, वरून चुन्याचा घोटीव गिलावा आणि त्यात नक्षी. फ्रेंच प्रवासी तावर्निये याने सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना संगमरवर लादलेल्या तीनशे गाड्या पाहिल्याचं लिहिलंय, त्यांतल्या सगळ्यात लहान गाडीला बारा बैल होते. एवढ्या लांबून दगड आणायचा म्हणजे खर्च किती, याची कल्पना करा. जिथे परवडलं तिथे संगमरवर लावला, बाकी ठिकाणी आपल्या गवंड्यांनी चुन्यातून ती पांढरी चमक उभी केली. मला तरी यात हिणवण्यासारखं काही दिसत नाही. उलट कौतुक वाटतं.

पण त्याचा अर्थ असा, की मकबऱ्याचा डाग हा ताजचा डाग नाही. चुन्याचा गिलावा संगमरवरापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो. पावसाळ्यानंतर अशा गिलाव्यावर जे काळे ओघळ दिसतात ते बहुतेक वेळा पाण्याच्या वाटेने उतरतात, आणि त्यांत शेवाळ, बुरशी असल्या जिवंत गोष्टींचा वाटा मोठा असतो. शेवाळ उन्हाळ्यात वाळून काळं होतं, पुढच्या पावसात परत धरतं. आपल्या प्रत्येकाच्या गच्चीच्या कठड्यावर हेच बघायला मिळतं. तिथे कारखाना बंद करून उपयोग नाही, पाणी कुठून मुरतंय ते शोधावं लागेल. त्याच इमारतीच्या संगमरवरी घुमटावरचा रंग मात्र धुराचा आणि धुळीचा असू शकतो. एकाच मकबऱ्यावर दोन आजार. लेप, ब्रश, रसायन यातलं एकाला चाललं ते दुसऱ्याला मारक ठरू शकतं.

आणि धुराचं म्हणाल तर आपल्याला आग्र्याकडे बोट दाखवायची सोय नाही. २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी कचरा टाकू देणार नाही म्हणून सांगितलं. त्यांचं बरोबर होतं, वर्षानुवर्षं त्यांनीच सगळ्या शहराची घाण सोसली होती. त्यानंतर आपल्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले आणि जागोजाग ते पेटवलेही गेले. आग्र्याच्या अभ्यासात कचऱ्याचा तो १५० चा आकडा वाचला तेव्हा मला आपलेच चौक आठवले. तो धूर आपल्या छातीत गेला. मकबऱ्यावर किती बसला, हे कुणी तुकडे ठेवून मोजलं असतं तर कळलं असतं.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे. कुठल्याही ऐतिहासिक इमारतीची सफाई काढायच्या आधी डाग कशाचा आहे याचा तपासणी अहवाल लोकांसमोर ठेवावा, तोही मराठीत. जनतेच्या पैशाने जनतेची वास्तू धुतली जाते, तर काय धुताय ते कळायला हवं. दुसरं, संगमरवराचे तुकडे दोन महिने ठेवून तपासायला फार मोठा खर्च येत नाही. नागपुरात नीरी आहे, आपल्याकडे विद्यापीठं आहेत, रसायनशास्त्र आणि भूशास्त्राची मुलं आहेत. त्यांच्या हातून हे काम व्हावं. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. त्या तपासातून जो उगम निघेल त्यावर उपाय व्हावा, जो गरीब समोर सापडेल त्याच्यावर नाही. कुणाची भट्टी किंवा चूल विझवायची वेळ आलीच, तर आधी पर्याय द्या, मग बंदी घाला.

जाता जाता एक काम. तुमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये मकबऱ्यापुढे काढलेले फोटो असतीलच. शाळेची सहल, लग्नानंतरचा पहिला फोटो, पाहुणे आले म्हणून नेलेले. त्यावर साल आणि महिना लिहिलेला असेल, किंवा घरच्या कुणाला आठवत असेल, तर खाली कमेंटमध्ये टाका. पावसाळ्याआधीचा की नंतरचा एवढं जरूर लिहा. माणसांच्या मागे भिंत दिसली की झालं. कुठला ओघळ कधीपासून आहे, कुठला दर पावसाळ्यात येऊन जातो आणि कुठला कायमचा बसलाय, हे अशा पन्नाससाठ फोटोंवरून बऱ्यापैकी लावता येईल. मी सालानुसार एकत्र करून ठेवतो. उद्या कुणी अभ्यासक आला तर त्याच्या हातात द्यायला आपल्याकडे काहीतरी असेल.